डुकराला घाम येतो का? आणि येत नसेल तर उन्हाळा ते काढतं कसं?

धानपट्टा (भंडारा)

नमस्कार मंडळी. पशुपालन विभागात वराहपालनावर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा काढतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

सुट्टीत पुतणी आली आहे, सातवीतली. इंग्रजीच्या तासाला तिला 'डुकरासारखा घाम येणं' अशा अर्थाचा वाक्प्रचार शिकवला होता. तीन दुपारी ती आमच्या शेडच्या कट्ट्यावर बसून राहिली आणि चौथ्या दिवशी मला म्हणाली, "काकू, एकालाही घाम नाही गं. नुसतं नाक ओलं आहे." तिने अगदी बरोबर पाहिलं. मला मात्र हे कळायला एक मादी गमवावी लागली.

चार वर्षांपूर्वी आम्ही दहा माद्या आणि एक नर घेऊन सुरुवात केली. बहुतेक पांढरे यॉर्कशायर, दोन-तीन संकरित. जागा धानाच्या बांधीला लागून, आणि शेडच्या मागे आधीपासून एक डबकं होतं. डुकरं त्यात लोळायची, अंगभर चिखल घेऊन आत यायची. ज्यांनी आम्हाला शेडचा आराखडा करून दिला ते म्हणाले, "धंदा करायचाय ना, मग आधी हे डबकं बुजवा. घाण आहे ती." मला पटलं. मुरूम टाकून बुजवलं, वरून काँक्रीट केलं. फेब्रुवारीत शेड कसं चकचकीत दिसत होतं.

एप्रिलच्या मध्यापासून डुकरं वेगळीच वागू लागली. एरवी डुक्कर झोपायच्या जागी घाण करत नाही. एक कोपरा ठरवतं आणि हगायला-मुतायला तिथेच जातं. आता ती त्याच कोपऱ्यात, स्वतःच्या मुतात जाऊन पडायला लागली. मी दिवसातून तीनदा धुऊन फरशी कोरडी करायचे, ती पुन्हा तिथेच. मी त्यांच्यावर ओरडले आहे, काठीने हुसकलंही आहे. ती फक्त ओल शोधत होती, आणि मी दर वेळी ती ओल पुसून काढत होते.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला. एका दुपारी वीज गेली, पंखे बंद पडले, वर पत्रा तापलेला. आमची सगळ्यात मोठी मादी गाभण होती. डुकराचा गाभणकाळ ११४ दिवसांचा, तीन महिने तीन आठवडे तीन दिवस असा आम्ही मोजतो. तिचा १०९ वा दिवस होता. तोंड उघडं टाकून धापत होती, तोंडाला फेस. डॉक्टरांनी ताप मोजला तर १०७ फॅरेनहाइटच्या वर, एरवी १०२ च्या आसपास असतो. पाणी मारलं, ओली गोणपाटं घातली, पण उशीर झाला होता. दिवे लागायच्या वेळी ती गेली. पोटात अकरा पिल्लं होती.

त्याच आठवड्यात काँक्रीट फोडलं. आता मागे पुन्हा खड्डा आहे, दहा फूट बाय सात फूट, गुडघ्याच्या खाली खोल. तेव्हापासून उन्हाने एकही जनावर गेलेलं नाही.

मला विचारायचंय ते असं: घाम येतच नसेल तर नाक ओलं कशाने? चिखल खरंच साध्या पाण्यापेक्षा चांगला, की मलाच तसं वाटतं? आणि तुम्ही आपापल्या भागात काय करता?


गोठ्यातला_डॉक्टर (परभणी)

ताई, मादी गेल्याचं वाचून वाईट वाटलं. दिवस भरलेली गाभण मादी आणि दूध पाजणारी मादी यांनाच उन्हाचा फटका सगळ्यात जास्त बसतो. त्यांच्या शरीरात आधीच जास्त उष्णता तयार होत असते.

डुकराला घामाच्या ग्रंथी अजिबात नसतात असं सर्रास सांगितलं जातं, ते तितकंसं बरोबर नाही. नाकाच्या चपट्या गोलावर त्या आहेत, म्हणून तो ओला असतो. पण ती ओल वास घेण्यासाठी आणि माती उकरताना स्पर्श कळण्यासाठी आहे, अंग थंड करायला ती पुरत नाही. बाकी अंगावर केसांच्या मुळाशी ग्रंथी असतात, मात्र ऊन वाढलं म्हणून त्या पाझरत नाहीत. आपल्या अंगावर २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी आहेत आणि तापमान चढलं की मेंदूच्या हुकमाने त्या सुटतात. डुकराकडे तो हुकूमच नाही.

उरतो श्वास. मोठं डुक्कर निवांत असताना मिनिटाला साधारण १५ ते २५ श्वास घेतं. ऊन लागलं की ते ६०, ८०, शंभराच्याही वर जातं. श्वासातून वाफ बाहेर पडते, तेवढीच उष्णता जाते. कुत्र्याला धापणं जसं जमतं तसं डुकराला जमत नाही. त्यात अंग पिंपासारखं, म्हणजे वजनाच्या मानाने कातडी कमी. कातडीखाली चरबीचा थर, तो आतली उष्णता आतच धरून ठेवतो. हिवाळ्यात जे पांघरूण, तेच उन्हाळ्यात ओझं.

म्हणून पाणी बाहेरून यावं लागतं. एक हिशेब सांगतो. एक लिटर पाणी कातडीवरून वाफ होऊन उडालं तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. दीडशे किलोच्या मादीचं तापमान एक अंश सेल्सिअसने उतरवायला सव्वाशेच्या आसपास लागतात. यातली निम्मी उष्णता अंगातून न येता हवेतूनच आली असं धरलं, तरी लिटरभर पाण्यात ताप दोन अंशांनी उतरतो. तुमच्या मादीला १०७ वरून १०२ वर यायला जेमतेम तीन अंश सेल्सिअस हवे होते.

आणि चिखलाबद्दल तुम्हाला जे वाटतं ते खरंच तसं आहे. १९६५ साली 'नेचर'मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. डुकराच्या अंगावर नुसतं पाणी घातलं तर बाष्पीभवन साधारण पाव तास चाललं, चिखल लावला तर दोन तासांच्या आसपास. चिखल पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो, माठ झिरपतो तसा. शिवाय सुकलेला थर पांढऱ्या कातडीला उन्हाने भाजू देत नाही. यॉर्कशायरची कातडी उन्हात अक्षरशः पोळते, सोलवटते, हे तुम्ही पाहिलंच असेल.


धानपट्टा

डॉक्टर, हिशेब वाचून मी वहीत उतरवून घेतला. लिटरभर पाणी. आमच्याकडे विहीर भरलेली होती.


पाचट (सांगली)

म्हशीचंही असंच ना? आमच्या म्हशी चैत्रापासून दुपारी ओढ्यात नाकापर्यंत बसतात, आणि बैल बाभळीच्या सावलीत उभे.


गोठ्यातला_डॉक्टर

हो. म्हशीला गायीपेक्षा घामाच्या ग्रंथी बऱ्याच कमी, वर काळी कातडी. तरी तिला थोडा घाम येतो, डुकराला तेवढाही आधार नाही. म्हैस डुंबली की आपण म्हणतो बिचारीला उकडत असेल. डुक्कर लोळलं की मात्र घाणेरडं म्हणतो.


माडाची_सावली (गोवा)

इथे सासष्टीत माझ्या आजोळी डुकरं घराच्या मागे मोकळीच असायची. काळी, गावठी, केसाळ. न्हाणीचं पाणी जिथे माडाच्या मुळाशी सोडलेलं असायचं तिथे त्यांचा ठरलेला खळगा. दुपारी अकरा वाजले की एकेक करून येऊन पसरायची आणि चारनंतर उठायची. आजी सांगायची, तो खळगा कधी बुजवायचा नाही, डुक्कर आजारी पडतं. कारण तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण तिने आयुष्यभर तेच पाहिलं होतं.

माझा प्रश्न वेगळा आहे. भावाने आता वीस डुकरांचं शेड केलंय. दुकानदाराच्या सांगण्यावरून धुकं सोडणारे फॉगर लावले. मे महिन्यात आमच्याकडे पारा ३३-३४ च्या वर जात नाही, तरी डुकरं धापतात, खाणं सोडतात. फॉगर चालू केले की उलट जास्त. भंडाऱ्यात ४५ ला जगतात आणि इथे ३४ ला का हरतात?


गोठ्यातला_डॉक्टर

ताई, कारण तुमच्या हवेत आधीच पाणी भरलेलं आहे. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की ओलं अंग बघता बघता सुकतं, आणि सुकताना थंड होतं. किनाऱ्यावर वाळत घातलेला कपडा संध्याकाळपर्यंत दमट राहतो, तसंच डुकराच्या अंगावरचं पाणी. फॉगरचं धुकं अंगापर्यंत पोचतच नाही, हवेतच राहून दमटपणा वाढवतं. मग श्वासातून वाफ सोडायची डुकराची शेवटची वाटही अडते.

भावाला सांगा, फॉगर बंद करा. मोठ्या थेंबांचे स्प्रिंकलर लावा, जे थेट पाठीवर पाणी पाडतील. दोन मिनिटं चालू, मग वीस-पंचवीस मिनिटं बंद. बंद असतानाच खरं काम होतं, कारण तेव्हा पाणी उडतं. सतत चालू ठेवलं तर पाणीही वाया जातं आणि हवाही कोंदते. आणि दमट भागात वारा सगळ्यात महत्त्वाचा. शेडच्या बाजू उघड्या करा, मोठे पंखे डुकरांच्या उंचीला लावा. छताला टांगलेला पंखा माणसाला लागतो, आडव्या पडलेल्या डुकराला नाही.

नागपूर, भंडारा, चंद्रपूरकडे मात्र फॉगर, वाळ्याचे पडदे, कूलरच्या जाळ्या हे सगळं उत्तम चालतं.


ओढ्याकाठचा (सोलापूर)

मी सहसा लिहीत नाही, नुसता वाचतो. हा धागा वाचून राहवलं नाही.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या डुकरं पाळली. आजोबांकडे चाळीस-पन्नास असायची, शेड वगैरे काही नाही. उन्हाळ्यात त्यांचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. गारव्यात डुकरं चरायला न्यायची, ऊन वर आलं की ओढ्यात आणायची. ओढा आटला तर ते स्वतः वाळूत झरा उकरायचे आणि बादल्यांनी पाणी ओतून चिखल करायचे. आधी डुकरांचा चिखल, मग त्यांची भाकरी. कुणी विचारलं तर एवढंच म्हणायचे, "माणसाला घाम दिलाय, ह्यांना नाही. तो आपण द्यायचा."

शाळेत मला पोरं डुकरावरून हाका मारायची. घाणीत लोळणारं जनावर आणि घाणीत राहणारी माणसं, असं एकात एक मिसळून बोलायची. मला तेव्हा उत्तर देता यायचं नाही. आज डॉक्टरांनी लिहिलेलं वाचताना आजोबा प्रत्येक गोष्ट बरोबर करत होते हे कळलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. स्वच्छ पाणी आणि गारवा मिळाला तर डुक्कर सहसा घाणीत जाऊन पडत नाही. त्याला गटारात आपण ढकललं. गावातल्या सगळ्या पाण्यावर आपण बसलो आणि त्याच्या वाट्याला तेवढीच ओल ठेवली.

धानपट्टाताई, तुम्ही काठीने हुसकल्याचं लिहिलंत. ते लिहायला धीर लागतो.


धानपट्टा

दादा, तुमच्या आजोबांना माझा नमस्कार. पुतणीला तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला.


उत्तरवारा (डेन्मार्क)

मी इथे डुकरांच्या मोठ्या फार्मवर तांत्रिक कामाला आहे. इथला उन्हाळा म्हणजे वीस-बावीस अंश. तरीही २० किलोच्या वरच्या डुकरांसाठी अंगावर पाणी फवारण्याची सोय असणं इथे कायद्याने बंधनकारक आहे. नवीन आलो तेव्हा मला हे अती वाटलं होतं. मग कळलं की पूर्ण वाढलेल्या डुकराला १६ ते २२ अंशच मानवतात. आपल्याला जिथे स्वेटर काढावासा वाटतो तिथे त्याचा उन्हाळा सुरू होतो.

सगळ्यात अवघड जागा बाळंतिणीच्या कप्प्याची. मादीला १८-२० अंश हवेत आणि तिच्या शेजारी पडलेल्या नवजात पिल्लांना ३२ ते ३४. दोघांची हवा एकच. इथे पिल्लांच्या कोपऱ्यात झाकण आणि दिवा असतो, त्यांची ऊब तिथेच राहते. उष्ण देशांत मादीच्या मानेवर आणि खांद्यावर थेंब थेंब पाणी सोडतात, जेणेकरून तिचं अंग भिजतं पण पिल्लं कोरडी राहतात. स्प्रिंकलर तिथे चालत नाही, पिल्लं गारठतात.


धानपट्टा

हे फार उपयोगी पडलं. थेंबांसाठी कुठलं खास यंत्र लागतं का?


उत्तरवारा

नाही. तुमच्याकडे ठिबक सिंचनाच्या नळ्या मिळतात त्याच. तासाला दोन-तीन लिटर सोडणारा एक ड्रिपर एका मादीला पुरे. नळी मात्र तिचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर बांधा. डुक्कर नळी चावून बघितल्याशिवाय राहत नाही.


सह्याद्री_पायवाट (कोल्हापूर)

मी राधानगरीच्या बाजूला जंगलात फिरतो. रानडुकरांच्या लोळणीच्या जागा ओळखायला सोप्या असतात. ओहोळाच्या कडेला बशीसारखा खळगा, आणि आजूबाजूच्या झाडांच्या बुंध्यांना गुडघा ते मांडीच्या उंचीपर्यंत चिखल फासलेला. चिखल सुकत आला की रानडुक्कर बुंध्याला अंग घासतं, त्याबरोबर गोचिड्या-उवाही निघतात. काही झाडांची साल वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेली असते.

पण थंडीतही ती लोळतात. ऐन डिसेंबरमध्ये ओला खळगा मी पाहिला आहे. तेव्हा तर उकाडा नसतो.


गोठ्यातला_डॉक्टर

बरोबर पाहिलंत. नेदरलँड्समधल्या एका संशोधकाने २०११ साली डुकरांच्या लोळण्यावरचा सगळा अभ्यास एकत्र तपासला. अंग थंड करणं हे मुख्य कारण, पण परजीवी काढणं, माजाच्या काळात वास पसरवणं, आणि कदाचित निव्वळ सुख, हीही कारणं त्याने विचारात घेतली. सुखाचा मुद्दा मला मनापासून पटतो. चिखलात शिरलेल्या डुकराचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला वेगळा पुरावा लागत नाही.


पाणवठा (गोंदिया)

सगळं पटतंय, तरी एक काळजी बोलून दाखवते. मी आरोग्य खात्यात गावोगाव फिरते. साचलेल्या पाण्यात क्युलेक्स डास होतात, आणि जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकराच्या रक्तात वाढतो. डुकराला चावलेला डास पुढे लेकराला चावतो. धानाच्या पट्ट्यात ही भीती पुस्तकातली नाही. दुसरं लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. डुकराच्या लघवीतून जंतू पाण्यात येतात, आणि पायाला भेग असलेला माणूस त्याच पाण्यात अनवाणी उतरतो. खड्डा ठेवा, पण नीट ठेवा.


धानपट्टा

पाणवठाताई, हे सांगितलंत ते फार बरं झालं. मी काय करते ते लिहिते, चुकत असेल तर सांगा.

खड्ड्याच्या तळाला चार इंची पाइप आहे, उताराकडे बुच लावलेलं. दर तिसऱ्या दिवशी बुच काढून सगळं पाणी आंब्याच्या बागेत सोडते आणि खड्डा दिवसभर कोरडा पडू देते. डासाची अळी मोठी होऊन उडायला आठवडाभर लागतो, त्याआधी ती मरते. पावसाळ्यात खड्डा पूर्ण रिकामाच असतो. घर दीडशे पावलांवर आहे. आत उतरणाऱ्या माणसाला गमबूट सक्तीचे, सासऱ्यांनासुद्धा. त्यांना ते आवडत नाही, तरी घालतात.

बाकी दोन वर्षांत शिकलेलं: पत्र्यावर पाचट आणि पळसाच्या फांद्या, त्यावर सकाळी पाणी. पेंड आणि भरडा पहाटे पाचला आणि रात्री आठनंतर, कारण पचनाचीही उष्णता होते आणि ती दुपारी नको. पिण्याचं पाणी सावलीतल्या टाकीतून. वर उन्हात तापलेल्या नळीतलं पाणी डुकरं पीत नाहीत हे मला उशिरा कळलं. दूध पाजणाऱ्या मादीला दिवसाला २० ते ४० लिटर लागतं. वाहतूक फक्त रात्री. आणि नराला विसरू नका. मे महिन्यात त्याला ऊन लागलं की त्याचं वीर्य पुढचा महिना-दीड महिना खराब निघतं. जूनमध्ये माद्या उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या, तर दोष माद्यांना देतात.

कधी एखादं डुक्कर कोसळलंच तर त्याला चालवू नका. आहे तिथे सावली करा, साध्या पाण्याने अंग आणि फरशी ओली करा, वारा घाला. बर्फाचं पाणी एकदम ओतू नका.


पाणवठा

बुच आणि कोरडा दिवस, हे उत्तम. आमच्या बैठकीत हे सांगू का? तुमचं नाव न घेता.


धानपट्टा

जरूर सांगा. कुणाला बघायला यायचं असेल तरी या.

काल संध्याकाळी खांद्यावरच्या ठिबकची नळी बांधली, तीन बाळंतिणींना. आज दुपारी दोनला बाहेर ४४ होतं. पुतणी घड्याळ घेऊन कप्प्याबाहेर बसली आणि प्रत्येकीचे श्वास मोजले. परवा याच वेळी मोजले होते ते ७२, ८१ आणि ९०. आज ३८, ४१ आणि ४४. तिसरीच्या मानेवर नळी जरा मागे बसली आहे, ती आता पुढे सरकवते.